पाटीवर न आलेला भुंगेरा

मी कबुतरी बोलतेय. पोटात पेंढा आहे, डोळे काचेचे आहेत, आणि तेही एक पिवळा, एक नारिंगी, कारण भरणाऱ्याकडचे पिवळे संपले होते. पण चोच माझी स्वतःची आहे आणि ती अजून गप्प बसत नाही.

मी राहते मेलबर्नजवळच्या एका गावात, माजी सैनिकांच्या हॉलात, सिग्नलवाल्यांच्या खोलीत. डावीकडे एक मुकं झालेलं वायरलेस यंत्र, उजवीकडे तारेचं गंजलेलं रीळ आणि मध्ये काचेच्या पेटीत मी, बसलेली. शाळेची पोरं येतात, काचेला नाक लावतात, काच ओली करून जातात. त्यांच्या बाई माझी पितळी पाटी वाचून दाखवतात. तिच्यावर असं कोरलंय: 'न्यू गिनीच्या मोहिमेत शत्रूच्या गोळ्या चुकवत, केवळ कर्तव्याच्या ओढीने डोंगर ओलांडून संदेश आणणारा शूर नर.'

आता यातलं खरं किती ते सांगते. न्यू गिनी खरी. डोंगर खरा. गोळ्या नव्हत्या, एक ससाणा होता. ओढ होती, पण ती कर्तव्याची नव्हती. आणि शूर नर म्हणाल, तर तो त्या वेळी घरी अंड्यावर बसून मला हाका मारत होता.

पाटी लिहिली ट्रेवीन साहेबांनी. पलटणीचा इतिहासही त्यांनीच लिहिला, चांगला जाडजूड. परक्यानं चूक केली असती तर मी सोडून दिलं असतं. पण साहेब तेव्हा तिथं माझ्यासमोर उभे होते. त्यांनी सगळं बघितलं आणि तरी भुंगेरा गाळला. म्हणून मला बोलावं लागतंय.

माझे आईबाप मेलबर्नचे. लढाई पेटली तेव्हा शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्यांनी आपापले पक्षी सैन्याला दिले, त्यात ते बोटीनं उत्तरेला आले. मी मात्र जन्मले न्यू गिनीत, मदांगच्या किनाऱ्यावर, नारळीच्या बागेत, सैन्याच्या कबुतरांच्या ढाबळीत. सगळे शिपाई उठता बसता घराच्या नावानं उसासे टाकायचे. मला कळायचंच नाही. घर इथंच तर होतं, पत्र्याचं छप्पर असलेलं, आत मक्याचा वास येणारं.

ढाबळीचा कारभारी होता कॉर्पोरल क्लॅरी. लढाईआधी तो ट्राममध्ये तिकिटं फाडायचा आणि परसात कबुतरं पाळायचा. माणूस प्रेमळ, पण हाताला चैन नाही. सारखं याचं अंडं त्याच्याखाली, त्याची जोडी हिच्याबरोबर. माझं नाव त्यानं ठेवलं एथेल. ते त्याच्या सासूचं नाव.

"का रे, सासूचं का?" कुणीतरी त्याला विचारलं होतं.

"ऐकून सगळं घेते आणि करते मनाचं," क्लॅरी म्हणाला. "दुसरं नाव शोभेल का तिला?"

त्याच्या जोडीला याकोब होता, जवळच्याच गावचा. पाणी, मका, झाडलोट त्याच्याकडे. त्याला चार लेकरं होती आणि रोज संध्याकाळी तो लवकर घरी पळायचा, म्हणून तो मला आवडायचा.

आमचं काम काय, तर निरोप आणायचा. तिथल्या डोंगरात तारवाले तारा टाकून परत येईपर्यंत रानडुकरं त्या चावून ठेवायची. वायरलेस यंत्राला पाण्याचं वावडं, आणि तिथं पाऊस तर पाहुण्यासारखा यायचा, जायचं नाव नाही. मग साहेबलोकांना आमची आठवण व्हायची. टोपलीत घालून आम्हाला दूर न्यायचे, पायाला नळी बांधायची, नळीत कागद, आणि द्यायचं सोडून. आम्ही सरळ घरी.

सरळ म्हणजे, बाकीचे सरळ. मी उडायला सगळ्यांत वेगवान, हे क्लॅरीही सांगायचा. पण घरी पोचल्यावर आत शिरायची मला घाई नसायची. ढाबळीच्या दारात तारांची झडप असते, आत ढकलली जाते, बाहेर नाही. पक्षी आत शिरला की घंटी वाजते, आणि घंटी वाजली की निरोप पोचला म्हणायचा. मी छपरावर बसून राहायचे. पंख साफ करायचे. खाली क्लॅरी डबा खुळखुळवायचा, शीळ घालायचा, हात जोडायचा. आत गेलं की उचलणार, पाय ओढणार, कागद काढणार आणि खणात कोंडणार, हे ठाऊक असताना कोण धावत जाईल? तुम्ही जाल?

क्लॅरी म्हणायचा, "एथेलबाई, तिकडे लढाई संपून जाईल, मग या आत."

असं सगळं गोडीत चाललं होतं. पण एक दुखणं होतं माझं, ते सांगते. आमच्या ढाबळीत नेल नावाची एक म्हातारी कबुतरी होती. तिचे पंख थकलेले, ती आता उडत नसे, तेव्हा तिला दाईचं काम दिलं होतं. उडणाऱ्या कबुतरींनी अंडी घातली की क्लॅरी ती उचलून नेलच्या खाली ठेवायचा, म्हणजे आम्ही कामाला मोकळ्या. नेल उबवायची, नेल भरवायची, आणि पिल्लांना पंख फुटले की त्यांची बदली व्हायची, कुठं बोगनव्हिलच्या बेटावर, कुठं आणखी पुढं. माझ्या दोन खेपा अशाच गेल्या. माझ्या लेकरांचे डोळे कसले होते, हे मला आजतागायत माहीत नाही. नेलला विचारलं तर ती म्हणायची, "असतील दोन दोन. मी काय मोजत बसते?"

आणि काळजी तरी किती करावी? ही नेल पाणी पिता पिता झोपायची. अंड्यावर बसायची ती अर्धी बाहेर. एकदा तर एक अंडं पायानं लोटून दिलं आणि रिकाम्या जागी बसून राहिली दिवसभर.

तिसऱ्या खेपेला मला एकच अंडं झालं. नेल तेव्हा आजारी होती, म्हणून क्लॅरीनं ते माझ्याकडेच राहू दिलं. काय सांगू, मी कुणाशी बोलेना, कुणाशी भांडेना. आमच्यात दोघं पाळी करतात. सकाळ उलटली की नवरा बसतो, दिवस कलला की बायको. माझा नवरा बर्ट मनानं चांगला, डोक्यानं बेताचा. तो बसला तरी मी समोर उभी. जरा सरक, पोट टेकव, वारा लागतोय त्या बाजूनं. तो म्हणायचा, "अगं, अंडंच आहे ते." मी म्हणायचे, "म्हणूनच." या खेपेला पिल्लानं डोळे उघडले की पहिलं मला बघायचं. मला दुसरं काही नको होतं.

नेमके त्याच दिवसांत ट्रेवीन साहेब आले. तरणे लेफ्टनंट, नवीन मिशी, आणि बरोबर नव्या वायरलेस यंत्रांची खोकी. आल्या आल्या ढाबळीत डोकावले, रुमाल नाकाला लावला.

"कॉर्पोरल, हे किती दिवस चालणार?"

"पक्षी आहेत तोवर, साहेब."

"पक्ष्यांची सोय होईल. आपल्या आचाऱ्याला मैद्याच्या पारीत भरून भाजता येतं म्हणे."

"आमच्या आचाऱ्याला पाणीसुद्धा उकळता येत नाही, साहेब," क्लॅरी म्हणाला. "पक्षी फुकट जातील."

साहेब हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी एक गस्तीची तुकडी डोंगरात वर जायची होती आणि तिच्याबरोबर डूलन नावाचा सिग्नलवाला नवं यंत्र पाठीवर घेऊन जाणार होता. क्लॅरी साहेबांच्या मागेच लागला, एक तरी पक्षी न्या म्हणून. शेवटी साहेब म्हणाले, "बरं. यंत्र बोलायचं थांबलं आणि तुझा पक्षी वेळेवर आला, तर ढाबळ राहील. नाही आला, तर तू आणि याकोब तारा ओढायला जाल, आणि मैदा मी देईन."

क्लॅरीनं सगळे खण पाहिले. उडायला माझ्याइतकं कुणी नव्हतं. छपरावर बसून राहायलाही माझ्याइतकं कुणी नव्हतं. बराच वेळ तो डोकं खाजवत उभा राहिला, आणि मग हसला.

कबुतरवाल्यांची एक जुनी युक्ती आहे. अंडं फुटायला आलं की आतलं पिल्लू हलतं, आणि ती हालचाल एकदा पोटाला लागली की आई कुठंही नेऊन सोडा, जीव तोडून परत येते. पण माझं अंडं हलायला अजून दोन-तीन दिवस होते, आणि तुकडी तर सकाळी निघणार. मग क्लॅरीनं दुसरं एक वांझ अंडं घेतलं, त्याला भोक पाडून आतलं फुंकून टाकलं, एक मोठा काळा भुंगेरा पकडून आत सोडला आणि भोकावर कागदाचा तुकडा चिकटवला. माझं खरं अंडं अलगद काढून नेलच्या खाली सरकवलं. बरी झाली होती ना ती आता. आणि भुंगेऱ्याचं अंडं ठेवलं माझ्या खणात.

हे सगळं माझ्यासमोर. पक्ष्याला काय कळतंय, असं माणसांना वाटतं.

बर्टची पाळी होती. तो बसला आणि दचकून उठला. "हलतंय! अगं, हलतंय की!" त्याच्या डोळ्यांत पाणीच. मग मी बसले. पोटाखाली खरखर, खरखर, सहा पाय. हो बाई, माझं लेकरू सहा पायांचं. बर्टचा आनंद कशाला घालवा. माझं लक्ष समोरच्या खणाकडे होतं. तिथं नेल नेहमीसारखी अर्धी बाहेर बसली होती आणि डुलक्या घेत होती.

क्लॅरीनं मला टोपलीत घातलं आणि कानाशी येऊन म्हणाला, "आता येशील ना लवकर? पिल्लू होतंय बघ तुला."

मी त्याच्या अंगठ्याला चोच मारली. तो म्हणाला, "बघा, आई झाली आणि कशी रागीट झाली."

डोंगरातले ते दिवस मी टोपलीत काढले. डूलन मला पाठीवरच्या यंत्रावर बांधून नेत होता. चिखल, जळवा, वर पाऊस. बाकीचे शिपाई त्याला चिडवायचे, "डूलन, एक बायको वर आणि एक खाली, कोण जास्त बोलते?" तो म्हणायचा, "खालची नुसती खरखर करते. वरची निदान ऐकून तरी घेते." डब्याच्या बिस्किटाचा चुरा तो आधी मला द्यायचा, मग स्वतः खायचा. लाल केसांचा, हाडं वर आलेला पोरगा. मला वाटायचं, याच्या आईनं याला बघितलं तर तिचं काय होईल.

नदी उतरताना पाणी एकदम वाढलं. सगळे पलीकडे पोचले, पण डूलन पडला. टोपली त्यानं डोक्यावर धरली, यंत्र गेलं पाण्याखाली. किनाऱ्यावर त्यानं ते उपडं केलं तर आतून गढूळ पाणी आणि एक खेकडा निघाला. दोघांना ताप चढला होता, बिस्किटं संपली होती, मागं नदी. रसदीचं विमान दुसऱ्या दिवशी येणार होतं, पण नदीअलीकडच्या उघड्या कड्यावर, ठरल्याप्रमाणे. हे तर होते पलीकडे, झाडीत. वरून दिसणं शक्य नाही.

सकाळी डूलननं कागदावर लिहून नळीत घातलं. मला हातात धरलं. बोटं नुसती हाडं, आणि तापानं भाजणारी. "हे बघ एथेल," तो म्हणाला, "दुपार झाली की डोंगरावर ढग बसतात, मग विमान फिरकत नाही. त्याआधी पोच. आणि देवाशपथ, छपरावर बसू नकोस." माझी कीर्ती त्याच्यापर्यंतही गेली होती.

त्यानं मला वर उडवलं.

एरवी मी उंबराचं झाड दिसलं की थांबते. त्या दिवशी उंबरं खाली कुठं गेली मला दिसलंच नाही. मनात एकच होतं: नेल झोपली असेल. नेल पाण्यात बसली असेल. आज फुटणार, आज, आणि ते लेकरू डोळे उघडून बघणार ती जांभया देणारी म्हातारी. खिंडीत ससाणा आला. त्याच्या तोंडात माझ्या शेपटीची तीन पिसं गेली. मी शिव्या दिल्या आणि पुढं निघाले. भांडायला वेळ कुणाला होता?

नारळी दिसल्या. पत्र्याचं छप्पर दिसलं. खाली क्लॅरी, याकोब आणि घड्याळाकडे बघत ट्रेवीन साहेब. डोंगराच्या कडेला पांढरं जमू लागलं होतं.

"आली," क्लॅरी ओरडला. "सांगितलं नव्हतं, साहेब? थेट आत शिरते बघा."

मी छपरावर बसले.

क्लॅरीचं तोंड उघडंच राहिलं. खालून बर्ट घुमत होता, "लवकर ये, फुटतंय, फुटतंय!" आणि मी बसले होते ती नेलच्या खणावर, अगदी वर. पत्र्याला कान लावला. आत टिकटिक ऐकू येत होती. बारीक, चोचीची. भुंगेरा टिकटिक करत नाही. माझं लेकरू कवच फोडत होतं.

मला सगळं ठाऊक होतं. झडपेतून आत गेले की कागद काढणार आणि मला माझ्या खणात कोंडणार, भुंगेऱ्याशेजारी. लेकरू नेलचं होणार, मग बोगनव्हिलचं. दोनदा झालं होतं. तिसऱ्यांदा मी होऊ देणार नव्हते.

क्लॅरीनं वाटाण्याचा डबा खुळखुळवला. मी पत्र्यावर चोच मारली. त्यानं शीळ घातली. मी पुन्हा चोच मारली.

"हे काय चाललंय?" साहेब म्हणाले.

"दमलीय, साहेब."

"दमलेली पत्र्यावर ठोके देते? तिच्या पायात माझ्या माणसांचा ठावठिकाणा आहे. ढग बघा ते. बंदूक आणा."

"साहेब, बंदुकीनं पक्षी पडेल, पण नळी पडेल समुद्राच्या वाळूत. नाहीतर नळीलाच लागेल."

"मग शिडी आणा."

याकोब शिडी आणायला गेला. शिडी लावली की मी नारळीवर जाणार, हे त्यालाही माहीत होतं, म्हणून तो सावकाश गेला.

खरं सांगू, त्या घटकेला माझं मन दोन्हीकडे ओढलं जात होतं. डोळ्यांपुढं डूलनचा तो तापलेला, हाडकुळा हात येत होता. तोही कुणाचं तरी लेकरूच. मी झडपेकडे दोन पावलं गेले. आतून टिकटिक आली. मी दोन पावलं मागं आले. पुन्हा पुढं. साहेब म्हणाले, "नाचतीये का ती?"

आणि क्लॅरी माझ्या पायांकडे बघत होता. मी कुठून कुठं जातेय, हे त्यानं पाहिलं. झडप, नेलचा खण. झडप, नेलचा खण. त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

"साहेब," तो म्हणाला, "चूक झाली. तिच्याखालचं अंडं तिचं नाही."

"मग कुणाचं आहे?"

"कुणाचंच नाही. त्यात भुंगेरा आहे."

साहेबांनी घड्याळ खाली केलं. "कॉर्पोरल, माझी माणसं डोंगरात उपाशी आहेत, आणि तू मला सांगतोयस की अंड्यात भुंगेरा आहे."

"हो, साहेब. मीच घातला. तिला फसवायला. पण बाई फसली नाही."

"मग आता तिला काय पाहिजे?"

"तिचं तिला द्यायला पाहिजे."

"तर दे की," साहेब ओरडले. "उभा काय राहिलास, दे तिचं तिला."

क्लॅरी आत धावला. बर्टला बाजूला सारलं, भुंगेऱ्याचं अंडं घाईत तिथंच कडेला ठेवलं. नेलच्या खालून माझं अंडं काढलं, आणि वेड्यानं काय केलं, ते बाहेर घेऊन आला आणि ओंजळ वर करून मला दाखवलं. कवचाला भोक पडलं होतं, आतून एवढीशी चोच दिसत होती. "तुझंच आहे, एथेलबाई. तुझ्या खणात ठेवतो. पुन्हा हात लावणार नाही. साहेबांच्या मिशीची शपथ."

साहेबांनी मिशीवर हात नेला.

क्लॅरी आत गेला, अंडं माझ्या खणात ठेवलं. मी खाली उतरले, झडप ढकलली. घंटी वाजली.

नळी साहेबांनी स्वतःच्या हातानं उघडली आणि कागद वाचत ते पळाले. मी विमानाचा आवाज ऐकला तो माझ्या लेकराच्या अंगावर बसून. त्याचे डोळे अजून बंद होते. ते उघडायला चार-पाच दिवस लागतात, पण मी वाट बघायला कुठं जात होते? ढग बसण्याआधी विमान नदीपलीकडे पेट्या टाकून आलं.

त्या भुंगेऱ्याचं मात्र कुणाच्या लक्षात नव्हतं. आत खरखर चालूच होती. मला दया आली. अंधारात कोंडून घेणं काय असतं, हे टोपलीत बसलेल्याला विचारा. मी चोचीनं कागद फाडला, तो बाहेर आला, आणि बर्टनं त्याला पाहिलं. "आपला थोरला!" म्हणून बर्ट त्याला आम्ही पिल्लांना देतो ते गळ्यातलं दूध भरवायला धावला. भुंगेरा जो भर्रकन उडाला तो साहेबांच्या कार्यालयाकडे. बर्ट कितीतरी दिवस म्हणत होता, थोरला लवकर उडायला शिकला.

डूलन परत आला, आणखी हाडं वर आलेला. सरळ माझ्या खणाशी येऊन बिस्किटाचा चुरा ठेवला. "उशीर केलास म्हणे," तो म्हणाला. मी त्याला लेकरू दाखवलं. त्यानं टोपी काढली. मैद्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. ढाबळ राहिली. नेल माझ्यावर रुसली, मग दुपारी पाणी पिता पिता विसरली.

लढाई संपली. शिपाई घरी निघाले. आम्हाला मात्र हुकूम आला की पक्षी देशात न्यायचे नाहीत, रोग येईल. क्लॅरी ढाबळीत बसून रडला. मला त्याचं रडणं कळेना. मला कुठं जायचंच नव्हतं, घर इथंच तर होतं. त्यानं आम्हाला याकोबच्या स्वाधीन केलं. याकोबनं ढाबळच माणसांच्या खांद्यांवरून आपल्या गावात नेली. रस्ता चुकायला नको म्हणून बर्ट छपरावर बसून आला. तिथं मी म्हातारी झाले, आजी झाले, पणजी झाले. कुणाचीच बदली झाली नाही. सगळ्यांचे डोळे मी पाहिलेत. नारिंगी.

मेले ती झोपेत. याकोबनं मला मीठ लावून बिस्किटाच्या डब्यात घातलं आणि क्लॅरीच्या पत्त्यावर बोटीनं पाठवलं. जिवंत होते तेव्हा देशात बंदी, आणि मेल्यावर थेट मेलबर्न. क्लॅरीनं पेंढा भरून घेतला. भरणारा म्हणाला, पंख पसरून उडती करू? क्लॅरी म्हणाला, "नको. बसलेली कर." आणि खिशातून तंबाखूची डबी काढून तिच्यातलं काहीतरी माझ्या पोटाखाली ठेवलं.

क्लॅरी गेल्यावर मी इथं आले. गेल्या आठवड्यात समितीची बैठक झाली. ट्रेवीन साहेब आता अध्यक्ष आहेत, मिशी पांढरी झालीय. ते म्हणाले, शूर पक्षी असा बसलेला बरा दिसत नाही, पंख पसरून नव्यानं भरून घेऊ. आज मर्लबाई मला पेटीतून काढायला आल्या. मर्लबाई लढाईत सिग्नलच्या कार्यालयात संदेश घ्यायच्या. आता इथली धूळ झटकतात. त्यांनी मला उचललं आणि थांबल्या.

"ट्रेवीन," त्या म्हणाल्या, "इकडे या जरा. हा तुमचा शूर नर कशावर बसलाय?"

साहेब आले. पोटाखाली अंड्याचं कवच होतं. एका टोकाला भोक, भोकाला कागदाची चिकटलेली कड. मर्लबाईंनी ते उजेडात धरून आत बघितलं. "रिकामं आहे. काय होतं यात?"

साहेबांचे कान लाल झाले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "भुंगेरा," ते म्हणाले.

"काय?"

"भुंगेरा होता, मर्ल. बसा, सांगतो. लांबलचक आहे."

मर्लबाई मला मांडीवर घेऊन बसल्या आणि साहेबांनी सांगितलं. बंदूक सांगितली, शिडी सांगितली, मिशीची शपथसुद्धा सांगितली. मर्लबाई हसून हसून डोळे पुसत होत्या. "एवढं सोडून तुम्ही गोळ्या लिहिल्यात?" त्या म्हणाल्या.

"सैन्याचा इतिहास आहे तो," साहेब म्हणाले. "छपरावर बसलेल्या बाईपुढं लेफ्टनंटनं हात टेकले, असं कसं लिहू?" मग म्हणाले, "ठेवा तिला होती तशी. बसलेलीच राहू द्या."

तेव्हा मी पुन्हा पेटीत आहे, कवचावर. पाटी मात्र तीच आहे. पितळेची अक्षरं बदलायची म्हणजे समितीत ठराव लागतो, आणि समितीत सगळ्यांनाच कमी ऐकू येतं. म्हणून एकच मागणं आहे. कधी आलात इकडे, तर पाटी वाचायच्या आधी खाली वाका आणि माझ्या पोटाखाली बघा. लेकरू कडेवर असेल तर त्यालाही दाखवा. काचेला नाक लावलं तरी चालेल. मर्लबाई पुसतील.